सत्तेचाळीस नंबरची ओळ

या सदरातले अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर वाचते, डोळे मिटेपर्यंत. बहुतेकांची उत्तरं वाचतावाचताच सुचतात — मांजर असेल, वारा असेल, नाहीतर माणूस उपाशीपोटी झोपला असेल. आमच्या सासूबाई दर अमावस्येला नारळ ओवाळून टाकायला सांगायच्या. मी तो फोडून चटणीला वापरायची. पंधरा वर्षं सगळ्यांनी ती चटणी खाल्ली, कुणाला काही झालं नाही. तेव्हा असल्या सदराला मी पत्र लिहिते आहे याचं घरच्यांना नवल वाटतंय. मलाही वाटतंय. पण वर्ष होऊन गेलं आणि मला उत्तर सापडलेलं नाही... तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर कळवा, एवढ्यासाठीच हे लिहिते.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. नगर जिल्ह्यात कर्जतला राहते. एका संस्थेसाठी विहिरींची पाणीपातळी मोजते. तालुक्यातल्या कोरड्या पट्ट्यातल्या साठ विहिरी निवडायच्या, प्रत्येकीच्या कठड्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकायचा, काठापासून पाणी किती खाली आहे ते टेपने मोजायचं आणि लिहून ठेवायचं. काम साधं आहे. चूक मात्र चालत नाही, कारण पुढे कुठे बंधारा घालायचा ते या आकड्यांवर ठरतं.

पहिली फेरी गेल्या वर्षी सुरू झाली तेव्हा संस्थेने लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते — हा जाड वहीसारखा मिटता येणारा कॉम्प्युटर, बॅटरीवर चालतो, मांडीवर ठेवून वापरता येतो. नवा आमच्या आवाक्यात नव्हता. जुना घ्यायला मी पुण्याला गेले. दुकानदाराने आधी रंगीत पडद्याचा पुढे केला.

“ताई, कलर बघा कलर. काळ्या-पांढऱ्याला आता कोण विचारतंय?”

“गच्ची आहे का वर?”

“गच्ची?”

“हो. दोन्ही घेऊन वर चला. उन्हात उघडून दाखवा.”

उन्हात त्या रंगीत पडद्यावर मला माझंच तोंड दिसलं, बाकी काही नाही. काळ्या-पांढऱ्यावरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. मी तो घेतला. मला विहिरीच्या काठावर काम करायचं होतं, सिनेमा बघायचा नव्हता. बिजागरी दहा वेळा उघडमीट करून बघितली, प्रत्येक बटण दाबून बघितलं, फ्लॉपी घालून-काढून बघितली, आणि बॅटरी किती वेळ टिकते ते बघायला त्याच्या दुकानात दोन तास बसून राहिले. दुकानदार कंटाळून जेवायला निघून गेला. मशीनमधलं आधीच्या मालकाचं सगळं मी स्वतः पुसून टाकलं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल आधीच्या मालकाचं काहीतरी त्यात राहिलं असेल.

मशीन सांभाळायचे माझे नियम होते. जुन्या बॅटऱ्या थोड्या उतरल्या की लगेच चार्ज करत राहिलं तर पुढे पुढे तेवढंच काम देतात, म्हणून महिन्यातून एकदा ती पूर्ण उतरवायची आणि मग पूर्ण भरायची. तिची पितळी टोकं खोडरबराने पुसायची. जीपच्या रस्त्याला धूळ फार, म्हणून जुन्या रजईची खोळ शिवली होती. आतली घरघर थांबल्याशिवाय झाकण मिटायचं नाही. आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या कामाची फ्लॉपीवर एक प्रत काढून ती घरी न्यायची. एकही दिवस यात खाडा नाही.

लॅपटॉपमध्ये आमचा तक्ता होता. एका विहिरीला एक ओळ. विहिरीचा नंबर, तारीख, वेळ, पाण्याची खोली, आकडा वाचणाऱ्याची आद्याक्षरं, टेप धरणाऱ्याची आद्याक्षरं आणि शेवटी शेरा. दोन माणसांची आद्याक्षरं नसतील तर ती ओळ बाद, हा नियम मीच घातला होता. कारण एकट्याने मोजलेलं मी धरत नाही. एकजण पायऱ्यांनी खाली उतरून टेपचं टोक बरोबर पाण्यावर धरतो, दुसरा काठावर आकडा वाचतो.

काठावर मी असायची. खाली प्रल्हादराव. पन्नाशीचा माणूस, सगळा जन्म विहिरी खणण्यात गेलेला. अंगाने काटकुळे, पण जुन्या विहिरीच्या भिंतीतून बाहेर काढलेल्या त्या दगडी पायऱ्यांवरून असे उतरायचे, जसे आपण घराच्या ओट्यावरून उतरतो. तिसरी संघमित्रा, मूळची नेवाशाची, बीएस्सी झालेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. लॅपटॉप माझ्याखेरीज फक्त तिला चालवता यायचा.

दसऱ्याच्या आधी आमच्या शेहेचाळीस विहिरी झाल्या होत्या. खंडेनवमी आली तसे प्रल्हादराव मागे लागले.

“बाई, मशिनची पूजा करावी लागंल.”

“पूजा हत्यारांची असते. तुमची पहार ठेवा, टेप ठेवा, दोर ठेवा.”

“मग हे काय खेळनं हाय का? गिरनीवाला गिरनीची करतो, डायवर जीपची करतो. आपुन ह्याच्यावर पोट भरतो आन् ह्याला इसरायचं व्हय?”

“कुंकू बटणांत गेलं तर काढायला तुम्ही बसणार का?”

“मी फुकून काढीन की!”

संघमित्रा हसत होती. ती दोन दिवस नेवाशाला जाणार होती. दसऱ्याच्या दिवशी त्यांच्या वस्तीत बुद्धवंदनेचा कार्यक्रम असतो, तयारी तिच्या वडिलांकडे असायची. ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे ही पूजा नसते. पण थांबा, मी झाकणावर प्लॅस्टिक चिकटवून देते. प्रल्हादमामांना त्याच्यावर काय फासायचं ते फासू दे.”

असं ठरलं. अष्टमीच्या संध्याकाळी मी शेहेचाळीस ओळींची प्रत फ्लॉपीवर काढली. मशीन बंद केलं. बॅटरी काढली, टोकं पुसली, रुमालात गुंडाळली. मी नसताना कुणी हौसेने चालू करून बघू नये म्हणून बॅटरी, चार्जर आणि फ्लॉपी तिन्ही घरी नेऊन कपाटात ठेवली. किल्ली माझ्या कमरेला. संघमित्रा त्याच संध्याकाळच्या एसटीने गेली.

नवमीला आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात पाटावर पहार, दोर, टेप, घमेलं आणि मधोमध लॅपटॉप मांडला. झेंडूचा हार, प्लॅस्टिकवर हळदीकुंकू. पूजा झाली साडेअकराला. नंतर घरमालक, त्यांच्या घरातली माणसं, जीपवाला, शेजारचा शिंपी अशी सात-आठ माणसं पेढे खात गप्पा मारत एक वाजेपर्यंत तिथेच होती. मी पण. लॅपटॉप सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, मिटलेला. त्या दिवशी हत्यारांना हात लावत नाहीत, तसा कुणी लावलाही नाही.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅटरी घेऊन ऑफिसला आले, हार काढला, प्लॅस्टिक सोललं, मशीन चालू केलं.

तक्त्याची फाईल शेवटची कधी बदलली याची तारीख आणि वेळ तिथे दिसते. मी अष्टमीला संध्याकाळी सहाला काम थांबवलं होतं. तिथे दिसत होतं — नवमीची तारीख, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

घड्याळ चुकलं असेल म्हणून बघितलं. मनगटावरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होतं. फाईल उघडली. सत्तेचाळीस ओळी.

घरून आणलेल्या फ्लॉपीवर शेहेचाळीस.

शेवटची ओळ अशी होती. विहीर नंबर सत्तेचाळीस. तारीख — उद्याची. वेळ चार पन्नास. पाणी एक्केचाळीस फूट सहा इंच. आकडा वाचणाऱ्याच्या जागी माझी आद्याक्षरं. टेप धरणाऱ्याची जागा रिकामी. शेरा — ‘दक्षिणेकडून. टेपला दगड बांधला. बारावी पायरी नाही.’

सत्तेचाळीस नंबरची विहीर आम्ही कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. यादीत फक्त वस्तीचं आणि मालकाचं नाव होतं.

मला राग आला. भीती वगैरे नाही, राग. कुणीतरी माझ्या मशीनला हात लावला होता. तेवढ्यात संघमित्रा नेवाशाहून सकाळच्या गाडीने आली. तिला दाखवलं.

ती दोनदा वाचून म्हणाली, “मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय.”

“मी?”

“शेऱ्यात आधी कुठल्या बाजूला उभं राहून मोजलं ते तुम्हीच लिहिता. मी नाही लिहीत.”

ते खरं होतं. ती माझी खोड. मी म्हटलं, “मी लिहिलं असतं तर टेप धरणाऱ्याची जागा रिकामी सोडली असती का? आणि चार पन्नास? दोननंतर शेतीची लाईट येते, मोटारी चालू होतात, पाणी हलतं. आपण दोनच्या पुढे कधी मोजतो का? ज्याने कुणी लिहिलंय त्याला आपले नियम माहीत नाहीत.”

“पण बॅटरी तर—”

“घरी होती. ठाऊक आहे मला.”

प्रल्हादराव आले. त्यांना विचारलं तर म्हणाले, “मी? मला माजं नाव लिहायला अर्दा तास लागतो, बाई.” मग शेरा ऐकून म्हणाले, “बारावी पायरी न्हाई म्हंजी? असंल की.”

तेवढ्यात जीपवाला सांगायला आला की आज गाडी नाही, पण उद्या नक्की देतो. आम्ही कधी जाणार हे तोपर्यंत मलाच माहीत नव्हतं. ओळीत तारीख मात्र उद्याचीच होती. मी ती ओळ पुसली नाही. चोर सापडेपर्यंत पुरावा पुसायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्या वस्तीवर पोचलो. कर्जतपासून बारा-तेरा किलोमीटर, शेवटचे तीन कच्चा रस्ता. वस्तीचं नाव देत नाही. विहिरीचे मालक सत्तरीचे तात्या. विहीर त्यांच्या वडिलांनी बांधलेली, चौकोनी, काळ्या दगडाची, भिंतीतून बाहेर आलेल्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत. पाणी होतं तीन-चार फूट, त्याखाली खडक.

मी नेहमी विहिरीच्या पूर्वेला उभी राहते, सकाळचं ऊन पाठीवर येतं म्हणून. तिथे बाजरीच्या वाळल्या ताटांची, सरमाडाची भली मोठी गंजी रचलेली.

“तात्या, ही इथे कधी रचली?”

“काल सांच्यापारी. का वो?”

“काही नाही.”

उत्तरेला बाभळीच्या काट्यांचा ढीग होता. पश्चिमेला उतार. उभं राहायला जागा एकच होती, दक्षिणेला.

मी तिथे उभी राहिले आणि मनाशी हिशेब केला. ओळ कुणी लिहिली ते नंतर बघता येईल. पायरी मात्र आत्ता बघता येते. पाच मिनिटांचं काम.

“प्रल्हादराव, कमरेला दोर बांधा.”

“कशाला?”

“सांगते म्हणून.”

“चाळीस वर्सं इहिरीत उतरतोय मी. दोर बैलाला बांधत्यात बाई, मला न्हाई.”

तात्या तंबाखू मळत म्हणाले, “बांध की लेका. बाईंना वाटतंय तू पळून जाशीला.”

“इहिरीतनं पळून जातो कुठं!”

“दोर बांधल्याशिवाय आज काम नाही,” मी म्हटलं. “आणि पहार हातात घ्या. बाराव्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी ती ठोकून बघायची.”

आता प्रल्हादरावांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना शेरा आठवला असणार. त्यांनी दोर उचलून कमरेला बांधायला घेतला. तात्या म्हणाले, “अवो, परवाच मी सोता उतरलो हुतो, गाळ-कचरा काढाया. ह्याच पायऱ्यांनी. माज्या बापानं बांदलंय, एक दगड हालला न्हाई अजून.”

दोराचं दुसरं टोक बाभळीच्या बुंध्याला दोन वेढे देऊन जीपवाल्याने आणि मी धरलं. प्रल्हादराव उतरायला लागले. मी मोठ्याने मोजत होते. ते खालून मला चिडवत माझ्यामागे तेच आकडे शाळेतल्या पाढ्यांसारखे म्हणत होते. आठ. नऊ. दहा. अकरा.

“थांबा. ठोका.”

त्यांनी पहार मारली. आवाज खणखणीत आला. पक्क्या दगडाचा.

“झालं का समादान?” त्यांनी वर बघून विचारलं आणि उजवा पाय उचलला.

“अजून एकदा. जोरात.”

“बाई—”

“जोरात!”

त्यांनी पाय मागे घेतला आणि वैतागून दोन्ही हातांनी पहार हाणली. तो दगड भिंतीतून अलगद बाहेर आला. कपाटाचा खण ओढल्यावर येतो तसा, अख्खा. मग दिसेनासा झाला. आवाज यायला वेळ लागला. आधी पाण्याचा, लगेच खडकाचा.

विहिरीतली कबुतरं एकदम वर आली आणि गेली. प्रल्हादराव अकराव्या पायरीवर भिंतीला छाती लावून उभे होते.

“वर वढा,” ते म्हणाले.

वर आल्यावर ते जमिनीवर बसले आणि दोर सोडायला लागले. बोटांना गाठ सापडेना. तात्यांच्या हातातली तंबाखू तशीच होती. “परवा मी... परवाच...” एवढंच ते म्हणत होते.

मी पाणी आणायला सांगितलं. प्रल्हादराव तांब्याभर पाणी प्याले. मग मी म्हटलं, “आता खाली कुणी जायचं नाही. टेपला दगड बांधा, वरूनच सोडू.”

बोलून गेले आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं. मी दक्षिणेला उभी होते.

प्रल्हादराव उठले. टेपला दगड त्यांनीच बांधला, त्यांनीच सोडला. पाण्याला टेकल्यावर मी काठावरचा आकडा वाचला. एक्केचाळीस फूट सहा इंच. पुन्हा सोडायला लावला. एक्केचाळीस फूट सहा इंच. घड्याळात बारा वीस झाले होते.

लॅपटॉप घेऊन संघमित्रा जीपमध्ये बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं.

“मॅडम, आधीची ओळ पुसू?”

“नको. खाली नवीन लिही.”

तिने लिहिली. नंबर, तारीख, बारा वीस, खोली, माझी आद्याक्षरं, प्रल्हादरावांची आद्याक्षरं, शेरा. एकाखाली एक दोन ओळी. दक्षिण तीच, दगड तोच, पायरी तीच, आकडा इंचापर्यंत तोच. वेगळ्या होत्या दोनच गोष्टी. वेळ. आणि वरच्या ओळीत टेप धरणाऱ्याची रिकामी जागा.

संघमित्रा त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. प्रल्हादराव बाहेर तात्यांना म्हणत होते, “घाबरू नगा तात्या, दगुड पुन्ना बशिवता यील.”

मला उत्तर सापडलेलं नाही असं मी वर म्हटलं, आणि ओळ कुणी लिहिली ते मला खरंच माहीत नाही. पण ती ओळ काय होती ते मला तिथे जीपमध्ये कळलं. तुम्हालाही कळलं असेल, तरी स्पष्ट लिहिते. ज्या दिवशी प्रल्हादराव दोर न बांधता उतरले, त्या दिवसाची ती नोंद होती. साडेअकरा ते चार पन्नास. माणसाला वर काढायचं, गाडीत घालायचं, पोलीस येणार, पंचनामा होणार. एवढा वेळ लागतोच. आणि मग टेप धरायला कुणी उरलं नसणार, म्हणून टेपला दगड.

नंतर मी मला जमतील ते सगळे उपाय केले. मशीन घेऊन पुण्याला गेले. दुरुस्ती करणाऱ्याने ते माझ्यासमोर उघडलं. म्हणाला, घड्याळाची छोटी बॅटरी आत वेगळी असते, ती कमजोर झाली की तारीख-वेळ भलतीच दाखवते. तपासली तर ती चांगली निघाली. फाईल बिघडली असेल का, विचारलं. तो म्हणाला, “बाई, फाईल बिघडली की कचरा दिसतो, विहिरीच्या पायऱ्या नाही दिसत.” बॅटरी आणि चार्जरशिवाय मशीन चालू करायचा काही मार्ग आहे का? नाही. मी झोपेत उठून लिहिलं असेल का? बॅटरी माझ्या घरी, मशीन ऑफिसात, आणि बारा दहाला मी सात-आठ माणसांत बसून पेढा खात होते. त्या सगळ्यांना मी वेगवेगळं विचारलं. मशीनला कुणी हात लावला नव्हता. लावला असता तरी गंजी दोन दिवसांनी संध्याकाळी रचली जाणार, तात्यांनाही ठाऊक नसलेला दगड सुटणार, पाणी इंचाला जुळणार, हे कुणाला कळणार होतं? संघमित्राच्या मते एखादी साधी गोष्ट आपल्या नजरेतून सुटते आहे. माझंही मत तेच आहे. फक्त ती काय, ते वर्षभरात दोघींनाही सापडलं नाही.

साठ विहिरी पूर्ण झाल्या, दुसरी आणि तिसरी फेरीही झाली. मशीन तेच आहे, नीट चालतंय. प्रल्हादराव आता न सांगता दोर बांधतात आणि बांधताना दर वेळी कुरकुरतात. रिकाम्या जागेबद्दल मी त्यांना सांगितलेलं नाही. ते हे मासिक वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी परत आल्यावर प्रल्हादरावांनी आम्हाला हट्टाने घरी नेलं. त्यांच्या बायकोने आधी रडून घेतलं, मग चहा टाकला. प्रल्हादराव तोवर शेजाऱ्यांना गोळा करून हातवारे करत सांगत होते, “मशिनला समदं कळतं! आवो, पूजा केली हुती मी! बाई नगं म्हनत हुत्या!” मी भिंतीला टेकून बसले होते. सहज घड्याळ बघितलं. चार पन्नास.

मला त्या वेळी ओळीचं नवल वाटलं नाही. ती अगदी माझीच वाटली. सासूबाई गेल्या त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना मी वाटेत गिरणीवर थांबून दळण घेतलं होतं. लोक पुष्कळ बोलले. पण घरात पीठ नव्हतं, आणि पाहुणे येणार होते. तसंच इथेही झालं असतं. सगळे निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं असतं की मोजायचं राहिलं. मी मागे थांबले असते. दगड शोधून टेपला बांधला असता, ओणवं होऊन आकडा वाचला असता आणि तिथेच बसून ओळ भरली असती. टेप कुणी धरली नाही म्हणून ती जागा कोरी ठेवली असती, कारण खोटी नोंद मी करत नाही.

“काय बाई, सारकं घड्याळ बघताय?” प्रल्हादरावांच्या बायकोने विचारलं. “जायाची घाई हाय का?”

“नाही,” मी म्हटलं, आणि अजून एक कप चहा मागून घेतला.